‘आमचे येथें’ म्हणजे कोणाचे येथें? – कंपाइलरच्या एका दोषाची हकीकत

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस असें वाटलें असेल कीं, संगणकाच्या आज्ञा रचणाऱ्या तरुण मंडळींचा हा प्रांत. तेथें एका निवृत्त शाळामास्तराचें काय काम? शंका रास्त आहे. माझें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं, आणि उमेदीचीं सर्व वर्षें मुलांना व्याकरण व अंकगणित शिकविण्यांत गेलीं. परंतु निवृत्तीनंतर घरांतील तरुणांच्या संगतीनें मी या विषयाच्या वाचनाकडे वळलों, आणि वाचतां वाचतां माझ्या ध्यानांत आलें कीं, यंत्राला भाषा समजावितांना शहाण्या माणसांकडून जी एक चूक पुनःपुन्हां झाली आहे, ती मुळांत आमच्या व्याकरणाच्या तासांतलीच चूक आहे. एका ठिकाणीं लिहिलेल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच ठिकाणीं उभें राहून लावणें, एवढेंच तिचें स्वरूप. ही चूक कशी होते, ती कशी सांपडते, कशी दुरुस्त करतात, आणि दुरुस्त न झाल्यास तिचा दोष कोणाच्या माथीं बसतो, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

आरंभ आपल्या घरच्याच एका वस्तूपासून करूं. लग्नसराईंत आपल्याकडे पत्रिका येतात. ‘आमचे येथें श्रीकृपेंकरून’ अशी त्यांची सुरुवात असते. पत्रिका आपण आपल्या दिवाणखान्यांत बसून वाचतों. पण तेवढ्यावरून लग्न आपल्याच दिवाणखान्यांत आहे असें कोणी समजत नाहीं. ‘आमचे’ हा शब्द ज्यानें लिहिला त्याचें तें घर, हें आपण न सांगतां ओळखतों. पुष्कळदां त्याच पत्रिकेच्या तळाशीं घरांतल्या चिमुकल्यांच्या नांवानें एक ओळ असते: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आतां वरचे ‘आमचे’ म्हणजे आजोबांचे, आणि खालचे ‘आमच्या’ म्हणजे नातवंडांच्या. मोठ्या मजकुराच्या पोटांत लहान मजकूर, दोहोंत शब्द एकच, आणि अर्थ मात्र दोन. तरी सात वर्षांचें मूलहि येथें घोटाळत नाहीं. आजोबाच नवरदेवाला काका म्हणतात असें कोणाच्याहि मनांत येत नाहीं.

यामागील नियम असा कीं, अशा शब्दाचा अर्थ तो जेथें लिहिला गेला त्या घरावरून ठरतो. जेथें वाचला जातो त्या घरावरून ठरत नाहीं. पाणिनीची सूत्रें वाचणारांस ही गोष्ट निराळ्या रूपानें परिचित आहे. एका सूत्रांतील पद अनुवृत्तीनें पुढील सूत्रांत येतें, आणि ती अनुवृत्ति कोठपर्यंत चालते हें न कळल्यास सूत्राचा अर्थच फिरतो. शब्दाची सत्ता कोठें सुरू होते व कोठें संपते, हा प्रश्न म्हणजे आजकालचा नव्हे.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाला आपली भाषा कळत नाहीं. त्याला कळतात त्या केवळ आंकड्यांत मांडलेल्या अतिशय बारीक आज्ञा: अमुक कप्प्यांतील आंकडा घे, तमुक आंकड्यांत मिळव, अमक्या जागीं ठेव. माणसानें अशा आज्ञा हातानें लिहिणें म्हणजे समुद्र चमच्यानें उपसणें होय. म्हणून माणसाला सोईची अशी एक मधली भाषा योजतात, आणि तींतील मजकुराचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करण्याचें काम दुसऱ्या एका आज्ञावलीकडे सोंपवितात. या दुभाष्यास कंपाइलर म्हणतात. १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोरट्रान भाषेचा कंपाइलर वापरण्यास दिला, तेव्हांपासून ही पद्धति जगभर रुजली. आज आपला दूरध्वनि, पेढीचे व्यवहार, रेल्वेचें आरक्षण, रुग्णालयांतील यंत्रें यांच्या आज्ञा कोणत्या ना कोणत्या दुभाष्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. आणि दुभाषाहि माणसानेंच रचलेला असतो; म्हणून तोहि चुकतो.

तो कोठें चुकतो हें कळण्यासाठीं ‘लॅम्डा’ म्हणजे काय तें थोडें पाहिलें पाहिजे. लॅम्डा हें ग्रीक वर्णमालेंतील एक अक्षर. १९३० नंतरच्या दशकांत प्रिन्स्टन येथील तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनीं कृति लिहून ठेवण्याची एक रीति बसविली. तींत आरंभीं लॅम्डा लिहून, पुढील मजकुरांत कोणतें अक्षर म्हणजे रिकामी जागा, हें सांगतात. ‘क्ष घे आणि त्याची दुप्पट कर’ ही अशी एक कृति. तिला नांव नाहीं. ती जेथें हवी तेथें लिहावी व हवी त्याच्या हातीं द्यावी.

आतां एका कृतीच्या पोटांत दुसरी कृति घालूं. ‘क्ष घे, आणि मला पुढील कृति दे: य घे व त्यांत क्ष मिळव.’ हिला ५ दिले तर उत्तर म्हणून आंकडा येत नाहीं. ‘य घे व त्यांत ५ मिळव’ अशी नवीच कृति हातीं येते. येथवर ठीक. पण ५ च्या ऐवजीं कोणी दुसऱ्या गणितांतून आणलेलें, निराळ्याच अर्थाचें ‘य’ हें अक्षर क्ष च्या जागीं ठेविलें तर? आंधळेपणानें बदल केल्यास मजकूर होईल, ‘य घे व त्यांत य मिळव’. म्हणजे बेरजेची कृति दुपटीची होऊन बसली! बाहेरून आलेला पाहुणा ‘य’ आणि घरचा ‘य’ एक समजले गेले. चर्च यांच्या रीतींत म्हणूनच असें बंधन आहे कीं, पाहुणा आंत येण्यापूर्वीं घरच्या ‘य’ चें नांव बदलून घ्यावें. कागदावर हें सोपें दिसतें. पुढील हकीकतींत, हाच घोटाळा यंत्रांत शिरल्यावर काय झालें तें दिसेल.

१९५८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प नांवाची भाषा रचण्यास घेतली, आणि कृति लिहिण्यासाठीं चर्च यांची लॅम्डाची खूण उचलली. आय. बी. एम. ७०४ या यंत्रावर ती भाषा प्रथम चालती केली स्टीव्ह रसेल या तरुणानें. तेथेंच जेम्स स्लॅगल नांवाचे संशोधक होते. ते दृष्टिहीन होते. पुढें १९६१ सालीं समाकलनाचीं उदाहरणें सोडविणारी आज्ञावली रचून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. या स्लॅगल यांनीं लिस्पमध्यें एक कृति लिहिली आणि तक्रार केली कीं, ती नीट चालत नाहीं.

ती कृति शोधाची होती. आपण ती आपल्या शब्दांत मांडूं. एक मोठी पेटी आहे; तिला डावा आणि उजवा असे दोन कप्पे. कप्प्यांत एकादी सुटी वस्तु असेल, किंवा पुन्हां दोन कप्प्यांची लहान पेटी असेल. या सगळ्यांत कोठें तरी एक नथ आहे, ती शोधावयाची. शोधणाऱ्यास नियम असा कीं, आधीं उजवा कप्पा शोधावा. आणि तेथें न सांपडल्यास पुढें काय करावें याची एक चिठ्ठी बरोबर न्यावी. चिठ्ठींत मजकूर एवढाच: ‘या पेटीचा डावा कप्पा शोध.’ ही चिठ्ठी म्हणजेच पोटांतली लॅम्डा. आतां नव्हे, मागाहून करावयाची, बिननांवाची कृति.

शोधणारा मोठ्या पेटीच्या उजव्या कप्प्यांत शिरला. तेथें एक सुटी आंगठी निघाली, नथ नाहीं. त्यानें चिठ्ठी उघडली: ‘या पेटीचा डावा कप्पा शोध.’ कोणत्या पेटीचा? चिठ्ठी लिहिली गेली ती मोठ्या पेटीशीं. पण वाचतांना हातांत होती आंगठी. त्या वेळच्या लिस्पनें ‘ही पेटी’ म्हणजे या क्षणीं जें हातांत आहे तें, असा अर्थ केला, आणि आंगठीचा डावा कप्पा शोधूं लागलें! नथ मोठ्या पेटीच्या डाव्या कप्प्यांत तशीच राहिली. पत्रिका आपल्या दिवाणखान्यांत वाचून ‘आमचे येथें’ म्हणजे आपल्याच घरीं असें समजणारा पाहुणा तो हाच.

मॅकार्थी यांनीं १९७८ सालीं लिस्पचा इतिहास सांगतांना मोकळ्या मनानें कबूल केलें आहे कीं, त्यांना ही अडचण म्हणजे एक किरकोळ दोष वाटला, आणि रसेल तो लवकरच दुरुस्त करील असा विश्वास त्यांनीं बोलून दाखविला. रसेल यानें तो दुरुस्त केलाहि. पण एकाद्या ओळींत खाडाखोड करून नव्हे. त्यानें चिठ्ठीचें स्वरूपच बदललें. नुसता मजकूर न देतां, चिठ्ठी लिहितेवेळीं कोणत्या नांवाचा अर्थ काय होता याची यादी तिच्याबरोबर बांधून द्यावयाची, असें त्यानें ठरविलें. प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर आपण घरची शिदोरी देतों, तशी ही अर्थाची शिदोरी. कृति कितीहि दूर गेली, कोणाच्याहि घरांत उघडली गेली, तरी ती आपल्या शिदोरींतलेंच अन्न खाणार. या युक्तीला त्या काळीं ‘फनार्ग’ म्हणत. पुढें १९६४ सालीं इंग्लंडांतील पीटर लँडिन यांनीं अशा शिदोरीसह कृतीस ‘क्लोजर’ असें नांव दिलें, आणि तेंच आज रूढ आहे.

ही अडचण एका लिस्पपुरतीच होती असें नव्हे. त्याच १९६४ सालीं डोनल्ड नुथ यांनीं आल्गोल ६० या भाषेच्या कंपाइलरांची परीक्षा घेण्यासाठीं अवघ्या कांहीं ओळींची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. तींत एका कृतीच्या पोटांत दुसरी कृति असून ती स्वतःलाच पुढें पाठवीत राहते. त्यामुळें एकाच नांवाच्या अनेक पिढ्या एकाच वेळीं जिवंत असतात. कोणत्या पिढींतील नांव कोणतें, हें ज्या कंपाइलरास कळतें तो पुरुष, ज्याला कळत नाहीं तो पोर, अशा अर्थाचें थट्टेचें नांव त्यांनीं परीक्षेस दिलें. मौज अशी कीं, स्वतः नुथ यांनीं कागदावर हिशेब करून काढलेलें उत्तर उणें १२१ होतें, आणि खरें उत्तर उणें ६७ आहे. एवढा मोठा पंडित जेथें कागदावर चुकला, तेथें यंत्राच्या दुभाष्याची वाट किती निसरडी असेल, हें निराळें सांगावयास नको.

आतां आपण अलीकडच्या काळांत येऊं. येथें एक नवी भर पडली, ती साच्याची. बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनीं १९७९ पासून जी भाषा घडविली, ती सी प्लस प्लस या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत ‘टेम्प्लेट’ म्हणजे साचा लिहितां येतो. छापखान्यांत लग्नपत्रिकेचा तयार मजकूर असतो. वधूवरांच्या व निमंत्रकांच्या नांवांपुरत्या जागा रिकाम्या ठेविलेल्या असतात. गिऱ्हाईक आलें कीं नांवें भरावीं व छापावें. तसेंच येथें. ‘दोन वस्तूंतील मोठी कोणती तें सांग’ ही कृति एकदांच साच्यांत लिहावी. मग आंकडे, शब्द, तारखा, ज्या जातीच्या वस्तु येतील ती जात भरून कंपाइलर स्वतंत्र प्रत काढतो. १९९८ च्या प्रमाणग्रंथांत साचे होते. २०११ च्या प्रमाणग्रंथानें या भाषेंत लॅम्डा आणली. आणि २०१४ मध्यें तर लॅम्डा स्वतःच साचा होऊं शकेल अशी सोय झाली. म्हणजे आतां साच्याच्या पोटांत लॅम्डा, तिच्या पोटांत दुसरी लॅम्डा, आणि तीहि साचाच, असा मजकूर कोणीहि लिहूं शकतो.

यांत कंपाइलरची पंचाईत काय, तें पाहा. साचा तो दोन वेळां वाचतो. पहिल्यांदां, साचा लिहिला गेला त्या ठिकाणीं. तेव्हां जागा रिकाम्या असतात. दुसऱ्यांदां, नांवें भरून प्रत काढतांना. प्रतींतील प्रत्येक स्थानिक नांव हें नवें नांव असतें. मूळ साच्यांतील ‘क्ष’ आणि प्रतींतील ‘क्ष’ दिसावयास सारखे, पण वस्तु दोन. म्हणून कंपाइलर एक वही ठेवतो. तींत साच्यांतल्या जुन्या नांवासमोर प्रतींतलें नवें नांव मांडलेलें असतें. पोटांत लॅम्डा आली कीं तिच्यासाठीं निराळी लहान वही उघडावी लागते, आणि आंतल्या वहींत एकादें नांव न सांपडल्यास बाहेरच्या वहींत पाहावें लागतें. आंतल्या वहीला बाहेरचीचा धागा बांधण्याचें कोठें राहून गेलें, कीं शोध अर्ध्यावर तुटतो. आजोबांचें ‘आमचे’ पाहण्यासाठीं वर जाण्याचा जिनाच राहात नाहीं.

दुसरी अडचण शिदोरीची. सर्वांत आंतल्या लॅम्डाला सर्वांत बाहेरचें नांव लागत असेल, तर मधल्या लॅम्डानेंहि तें आपल्या शिदोरींत घेतलें पाहिजे. आईच्या डब्यांत नसलेला लाडू मुलाच्या डब्यांत कोठून येणार? पण पहिल्या वाचनाच्या वेळीं जागा रिकाम्या असल्यामुळें तें नांव खरोखर लागणार कीं नाहीं हेंच कित्येकदां कळत नाहीं. भरलेली जात एक असेल तर लागेल, दुसरी असेल तर लागणार नाहीं. यावर २०१४ च्या नियमांत जी तोड काढली आहे, ती आपल्या घरांतील कोणत्याहि आजीबाईंस पटेल: ज्या लॅम्डानें लागेल तें आपोआप बांधून घेण्याची मुभा ठेविली आहे, तिच्यापुरतें, वाक्याचा अर्थ रिकाम्या जागेवर अवलंबून असला तर नांव लागणारच असें धरावें आणि बांधून घ्यावें. नियम कळला, पण तो प्रत्येक पायरीवर पाळला जाणें ही निराळी गोष्ट. जी. सी. सी. आणि क्लँग या दोन्ही नामांकित कंपाइलरांच्या सार्वजनिक दोषनोंदींत साच्यांतल्या पोटलॅम्डांच्या तक्रारी वारंवार आढळतात, त्याचें कारण हें.

असा दोष तीन रूपांनीं प्रकट होतो. कधीं कंपाइलर अगदीं निर्दोष मजकूर पाहून म्हणतो, ‘असें नांव मला माहीत नाहीं.’ कधीं तो स्वतःच गोंधळून मध्येंच बंद पडतो. हीं दोन रूपें त्रासदायक खरीं, पण प्रामाणिक आहेत. चोर घरांत शिरला हें निदान कळतें. तिसरें रूप मात्र घातक. कंपाइलर कांहीं न बोलतां चुकीच्या नांवाचा अर्थ लावतो, मुकाट्यानें आज्ञा तयार करून देतो, आणि यंत्र चुकीचें उत्तर खणखणीत आवाजांत सांगतें.

दुरुस्तीची रीति कशी असते? तक्रार येते ती हजारों ओळींच्या आज्ञावलीसह. पहिलें काम म्हणजे ती लहान करणें. एक ओळ काढावी आणि पाहावें. दोष अजून दिसतो काय? दिसत असल्यास ती ओळ निरुपयोगी, टाकून द्यावी. नाहींसा झाल्यास ओळ परत ठेवावी. निवडतांना तांदळांतून खडा वेगळा करावा तसें हें काम. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांतील मंडळींनीं सी-रिड्यूस नांवाची आज्ञावली २०१२ सालीं प्रसिद्ध केली. ती हें निवडणें आपोआप करते. अखेर पांच-दहा ओळी उरतात.

दुसरें काम शेजारचीं उदाहरणें करून पाहण्याचें. तोच मजकूर साच्याविना लिहावा, चालतो. तोच साच्यांत ठेवून एकच लॅम्डा ठेवावी, तोहि चालतो. दोन्ही एकत्र आल्या कीं बिघडतें. मग दोष साच्यांतहि नाहीं, लॅम्डांतहि नाहीं. तो दोघांच्या सांध्यांत आहे. वैद्य नाडी पाहून रोगाची जागा ठरवितो तशी येथें जागा ठरली. आतां कंपाइलरच्या पोटांत शिरून वहीचीं पानें एकेक करून पाहावींत, आणि कोणत्या पानावर धागा तुटला तें शोधावें.

येथें दुरुस्त करणाराची खरी परीक्षा असते. ‘अमुक प्रकारचा मजकूर आला तर अमुक कर’ असें एक ठिगळ लावून ही तक्रार तेवढी मिटवितां येते. परंतु उद्यां तीन लॅम्डा एकींत एक आल्या कीं कापड पुन्हां त्याच जागीं फाटेल. खरी दुरुस्ती म्हणजे आंतल्या वहीस बाहेरच्या वहीचा धागा नेहमींच बांधला जाईल अशी व्यवस्था करणें. रसेल यानें हेंच केलें होतें. त्यानें स्लॅगल यांची एक कृति दुरुस्त केली नाहीं, शिदोरी देण्याची रीतच घालून दिली. शेवटीं त्या पांच-दहा ओळींचें उदाहरण कायमच्या परीक्षासंचांत घालतात. पुढें कंपाइलरमध्यें कोणताहि बदल झाला कीं हजारों जुनीं उदाहरणें पुन्हां सोडवून घेतलीं जातात, म्हणजे एकदां घालविलेला दोष मागच्या दारानें परत येत नाहीं.

श्रोतेहो, आपण म्हणाल, एवढे काळजीपूर्वक तपासलेले कंपाइलर. त्यांत दोष ते किती उरणार? त्याच यूटा विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. यदृच्छेनें तयार केलेल्या, पण भाषेच्या नियमांत बसणाऱ्या आज्ञावली त्यांनीं सी भाषेच्या निरनिराळ्या कंपाइलरांस दिल्या. पूर्वीं कोणास ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष त्यांतून उघडकीस आले. आणि तपासलेला प्रत्येक कंपाइलर केव्हां तरी मुकाट्यानें चुकीच्या आज्ञा देतांना सांपडला. ही हकीकत भीति घालण्यासाठीं मी सांगत नाहीं. रोजच्या व्यवहारांत आज्ञावली रचणाराचीच चूक असण्याचा संभव कितीतरी अधिक. पण ‘अधिक’ म्हणजे ‘नेहमीं’ नव्हे. आणि ह्या दोहोंतील अंतर विसरल्यानें काय होतें, हें मीं स्वतः शाळेंत एकदां अनुभवलें आहे.

एके वर्षीं अंकगणिताच्या पुस्तकाची नवी आवृत्ति आली. एका संचांतलें आठवें उदाहरण मीं वर्गास घातलें, आणि पुस्तकाच्या शेवटच्या उत्तरांवरून वह्या तपासल्या. एका मुलाचें उत्तर निराळें आलें. तो म्हणाला, ‘गुरुजी, माझें बरोबर आहे.’ मीं त्याला पुन्हां करावयास सांगितलें. त्यानें पुन्हां तेंच उत्तर आणलें. तिसऱ्या खेपेस मीं त्याला उद्धट ठरवून वर्गाबाहेर उभें केलें. बाकीच्या बहुतेकांचीं उत्तरें पुस्तकाप्रमाणें आलीं होतीं, म्हणून माझ्या मनांत शंका आली नाहीं. रात्रीं घरीं बसून मीं स्वतः उदाहरण सोडविलें, तेव्हां त्या मुलाचेंच उत्तर आलें. मग जुनी आवृत्ति काढून पाहिली. नव्या आवृत्तींत पांचव्या उदाहरणापुढें दोन नवीं उदाहरणें घातलीं होतीं. उत्तरांची यादी मात्र जुनीच राहिली होती. यादींतला ‘आठ’ हा आंकडा जुन्या पुस्तकाच्या घरचा. मीं तो नव्या पुस्तकाच्या घरांत वाचला होता. आणि बाकीच्या मुलांनीं काय केलें होतें? त्यांनीं मागें उत्तर पाहून आपलें बरोबर असलेलें गणित बिघडवून त्याशीं जुळवून घेतलें होतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें मीं माझी चूक सांगितली. तरी एक गोष्ट मला अद्यापि बोंचते. त्या मुलाला शिक्षा झाली, हें तर वाईट खरेंच. पण उरलेल्या तीस-पस्तीस मुलांनीं त्या दिवशीं एक धडा घेतला कीं, साधन आणि सत्य यांत विरोध आला तर सत्य वांकवावें. बिघडलेल्या कंपाइलरपुढें बसलेला माणूसहि पुष्कळदां हेंच करतो. आपली शुद्ध आज्ञावली तो वेडीवांकडी करून दुभाष्याच्या गळीं उतरवितो, आणि दोष तसाच पुढच्या माणसाची वाट पाहात राहतो.

म्हणून मला स्लॅगल यांचें कौतुक वाटतें. भाषा नवी, ती रचणारा नामांकित पंडित, ती चालविणारा कुशल कारागीर. तरी आपलें गणित वांकवून न घेतां ते म्हणाले, ‘हें नीट चालत नाहीं.’ आणि मॅकार्थी यांचेंहि कौतुक वाटतें. कारण किरकोळ समजलेल्या त्या तक्रारींत मोठा प्रश्न दडला होता, ही आपली चूक त्यांनीं वीस वर्षांनीं भर सभेंत सांगितली. त्या एका तक्रारीनें शिकविलेला नियम आजहि प्रत्येक कंपाइलरास नव्यानें पाळावा लागतो: शब्द जेथें उघडला तेथला नव्हे, तो जेथून निघाला त्या घराचा अर्थ त्याच्याबरोबर पोंचला पाहिजे.

आपल्या घरीं पुढची लग्नपत्रिका येईल, तेव्हां ‘आमचे येथें’ हे दोन शब्द क्षणभर थांबून वाचा. जें आपण सहज करतों, तें यंत्राला शिकवितांना केवढी मेहनत पडली, याची आठवण होईल. आणि घरांतलें एकादें मूल पुस्तकाविरुद्ध जाऊन ‘माझें उत्तर बरोबर आहे’ असें तिसऱ्यांदां म्हणालें, तर रागावण्यापूर्वीं एकवार स्वतः गणित करून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.